आधी टोपी उघडून बघ

९ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. हे पत्र खरं तर दिव्याबरोबर त्याच खोक्यात जायला हवं होतं. लिहायला बसलोही होतो, पण इतक्या वर्षांनी पहिल्या ओळीत काय लिहायचं ते सुचेना, आणि कुरियरवाला दारात पाय बदलत उभा. शेवटी चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला, 'लाव', आणि खोकं त्याच्या हातात दिलं. तो एक शब्दच आता माझ्या अंगाशी आलाय.

तर आधी कामाचं. तो दिवा लावू नकोस. लावला असशील तर बंद कर. नुसतं बटण बंद करून थांबू नकोस, पिन सॉकेटमधून बाहेर काढ. मग दिवा होल्डरमधून काढ, आला होता तसा कापसात गुंडाळ आणि उंच फळीवर ठेव. हात कोरडे असू देत. तुझ्या बायकोला, आपल्या धाकटीला, त्याच्याजवळ जाऊ देऊ नकोस.

फोन केला होता. तुझा तो जुना नंबर आता कुणा शिंप्याचा आहे. पहिल्या वेळी त्याने नीट सांगितलं, दुसऱ्या वेळीही सांगितलं. नंतर म्हणाला, काका, तुमच्या भावाचं माप असेल तर पाठवा, बाकी मी काही करू शकत नाही. म्हणून हे पत्र. पोस्टातल्या बाईंनी सांगितलं की रजिस्टर केलं की नक्की पोचतं. मी विचारलं, नक्की म्हणजे किती नक्की? त्यांनी मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

आता कारण लिहितो. तुला ते सांगायला नको, पण माझं पाकीट बघून तू ते बाजूला टाकशील आणि धाकटी उघडेल, असा माझा अंदाज आहे. म्हणून तिला कळेल असं लिहितो.

धाकटे, विजेच्या टेस्टरच्या पोटात एक बारीक शेंदरी दिवा असतो ना, तो निऑन. आमच्या रेडिओच्या दुकानात असे खूप होते. जुन्या यंत्रांवरचे, लिफ्टच्या बटणांमागचे, इस्त्रीच्या टेबलांवरचे. तुम्हाला पाठवला तो त्याच जातीचा, फक्त काच लिंबाएवढी आणि आत पत्र्याचं फूल. लावला की तार तापून पेटत नाही, फुलाच्या कडेने वायू उजळतो, निखाऱ्यावर राख धरल्यासारखा. दिसायला गरीब, पण एक वाईट खोड. एकदा पेटला की वीज ओढतच सुटतो. पोट भरलं हे त्याला कळत नाही. म्हणून त्याच्या वाटेत एक रेझिस्टन्स घालावा लागतो, खडूच्या तुकड्याएवढी वस्तू, पण लगाम तीच. आमच्या फुलांच्या दिव्यांत तो लगाम खालच्या पितळी टोपीच्या आत लपवलेला असतो. बाहेरून दिसत नाही.

मावसबहीण इकडे आली होती. तिने सांगितलं की न्हाणीबाहेरच्या बोळात अंधारात तू पडलीस आणि मनगट दुखावलं. मला वाटलं, हा दिवा गरम होत नाही, वीज नावापुरती खातो, रात्रभर जळत राहिला तरी काळजी नाही. म्हणून पाठवला.

धाकट्या, काल तुझ्या वहिनीने विषय काढला, त्यांच्याकडे फूल गेलं आणि आपल्या घरात काय, खोकी? म्हणून त्याच डब्यातलं दुसरं फूल मी बैठकीच्या होल्डरमध्ये लावलं. छान लागलं. मग जरा तडा गेला. विशेष काही झालं नाही. पण टोपी उघडून बघितली तर आत नुसती सरळ तार. लगाम नाही.

तुझ्याकडे गेलेला दिवा त्याचा जुळा आहे. त्यात लगाम आहे की नाही, मला माहीत नाही.

अक्षर वाकडं येतंय, पेन नवीन आहे.

दादा


१० फेब्रुवारी

धाकट्या,

कालचं पत्र टाकून आलो आणि परत येईपर्यंत खात्री झाली की मी ते नीट लिहिलं नाही. 'लावू नकोस' हे शब्द मी वर लिहिले की खाली? वर असतील तर बरं. तू खालपर्यंत वाचणार नाहीस.

तू म्हणशील, दादा, न तपासता पाठवलास? तपासला होता. तेच तर.

माझी दिवे तपासायची फळी तुला आठवत असेल. भिंतीला टेकून ठेवलेली, दोन होल्डर, एक फ्यूज, खाली जाड रबर. तू नवीन फ्यूज बसवून दिला होतास तीच. नंतर मी तिच्या तारेतच एक मोठा रेझिस्टन्स कायमचा जोडून टाकला, वर नळी चढवली. का, तर जुने दिवे कुठून कुठून येतात. कुणाच्या आत लगाम असतो, कुणाच्या नसतो. फळीवर लावला की कुठलाही दिवा वाचतो. इतकी वर्षं एकही फुटला नाही, आणि मी छाती फुगवून फिरलो.

तुझं फूल मी त्याच फळीवर लावलं. लागलं. मी खूष. मला कळलंच नाही की जो लगाम काम करतोय तो फळीचा आहे, दिव्याचा असेलच असं नाही. फळीवर सगळेच शहाणे. तुझ्या घरच्या होल्डरला फळी नाही. माझ्या सांभाळण्यानेच मला आंधळं केलं बघ. दुसऱ्या कुणाकडून ही चूक झाली नसती, कारण दुसऱ्या कुणाकडे अशी फळी नाही.

आणखी एक गोष्ट. फुटलेल्या दिव्याची टोपी पुसली तर कडेला हिरवा ठिपका निघाला. नेलपॉलिशचा. आपल्या घरात हिरवं नेलपॉलिश एकदाच आलं होतं. अक्काने आणलं आणि एकदाच लावलं, आई म्हणाली बोटं कुजल्यासारखी दिसतात. नंतर ती बाटली गायब झाली, अक्का महिनाभर माझ्यावर डोळे वटारत होती, आणि मला दुकानात तुझ्या खणात ती सापडली होती. तेव्हा मी काही बोललो नाही. ठिपका तुझाच आहे. टोप्या बसवायचं काम तूच करायचास, तुझ्याइतका बारीक हात माझा नव्हता.

मला सांग, ठिपका म्हणजे काय? आत लगाम घातलाय, की काढलाय? आणि तुझ्याकडे आलेल्या टोपीवर ठिपका आहे का? मी पाठवताना ती पुसली होती. पुसताना हिरवं काही दिसलं का, ते आठवायला बसतो तर दर वेळी वेगळं दिसतं.

दुसरी माहिती नको. फक्त एवढी.

दादा

ता.क. भावजी, मी दोन ओळी घालते, हे पाकिटाला डिंक शोधतायत तोवर. पेन नवीन नाही. दिवा फुटला तेव्हा काच यांच्या भुवईत गेली. डॉक्टरांनी टाके घातले, बोटही बांधलंय. डोळा थोडक्यात वाचला. तुम्हाला सांगू नको म्हणाले, म्हणून सांगते. भावाभावांचा राग तुम्ही दोघं काय तो बघा, मी मधे पडले नाही आणि पडणारही नाही. पण दिवा लावू नका. धाकटीच्या मनगटाला शेक देताय ना?


१८ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. पत्रं पोचली नसतील, किंवा पोचली असतील, किंवा तू दिवा लावला असशील. तिसरं मनात आलं की मी उठतो आणि आपल्याच घरातली सगळी बटणं तपासून येतो. तुझी वहिनी म्हणते, त्यांच्या घरचा दिवा आपल्या बटणाने बंद होत नाही. खरंय. पण काय करू?

कुरियरच्या कचेरीत गेलो होतो. खोकं पोचलंय. तिथल्या मुलीने मला सही दाखवली. नाव लागत नाही, पण शेवटची रेघ वर जाते, दुकानाच्या पावत्यांवर जायची तशी. म्हणजे तूच घेतलंस, परत केलं नाहीस. मी तिला म्हटलं, हा माझा भाऊ. तिने बरं म्हटलं.

समोरच्या घरात एक बाई राहतात, शाळेत विज्ञान शिकवायच्या, आता घरी असतात. भुवई बघून त्यांनी चौकशी केली तेव्हा सगळं सांगावं लागलं. वाटलं रागावतील. उलट म्हणाल्या, दाखवा बघू. पाठोपाठ घरात आल्या आणि माझ्या जुन्या दिव्यांच्या खणांसमोर खुर्ची ओढून बसल्या. मी सातवीत शाळा सोडली तेव्हापासून विज्ञानाच्या बाईंसमोर असा उभा राहिलो नव्हतो. हात आपोआप मागे गेले.

मी त्यांना विचारलं, टोपी न उघडता बाहेरून मीटर लावला तर आत लगाम आहे की नाही ते कळेल का? त्या हसल्या. म्हणाल्या, "थंड दिव्याच्या दोन टोकांत नुसता वायू आहे, वीज जातच नाही. मीटर लावणं म्हणजे झोपलेल्या माणसाला नाव विचारणं." हे मला आवडलं. मी इतकी वर्षं हे दिवे हाताळतो, पण न लावलेला दिवा झोपलेला असतो असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग त्यांनीच एक गंमत दाखवली. फळीला घरच्या विजेऐवजी बॅटऱ्यांची माळ जोडायला लावली, लगाम जागेवर ठेवून. दोन पात्यांच्या दिव्यात एकच पातं उजळलं. टोकं उलटी केली, दुसरं उजळलं. घरच्या विजेवर दोन्ही उजळतात, कारण ती वीज सारखी उलटसुलट होते आणि आपल्या डोळ्याला ते पकडता येत नाही. म्हणजे इतकी वर्षं मी दोन्ही पाती एकदम पेटलेली बघत होतो आणि ती एकदम पेटतच नव्हती, आळीपाळीने पेटत होती. मी बाईंना पुन्हा करायला लावलं. आणि पुन्हा. तुझी वहिनी आतून म्हणाली, सापडला एकदाचा यांना जोडीदार.

फुलांच्या डब्यात आता एकच दिवा उरलाय. त्याच्या टोपीवर ठिपका नाही. मी आणि बाईंनी ती जपून उघडली. आत लगाम आहे, जागच्या जागी. फुटलेल्यावर ठिपका, आत काही नाही. यावर ठिपका नाही, आत सगळं आहे. बाई म्हणाल्या, असं वाटतं खरं, पण दोन दिव्यांवरून मी तरी नियम लिहिणार नाही. मीही नाही.

तुझ्याशिवाय हे कुणाला माहीत नाही, म्हणून तुलाच विचारतो. खणांवरून आपलं बिनसलं होतं ते मला ठाऊक आहे. तुला ते भंगारवाल्याला देऊन त्या जागी नवे टीव्ही मांडायचे होते. तू दुकानाच्या मधोमध उभा राहून म्हणाला होतास, "दादा, तुझ्या या दिव्यांनी कुणाच्या घरात कधी उजेड पडलाय का?" गिऱ्हाईक होतं समोर. आपल्या ओळखीचं, ज्याने तुझं नाव फ्यूज ठेवलं होतं, लवकर उडतोस म्हणून. तोसुद्धा त्या दिवशी हसला नाही. पुढच्याच आठवड्यात तू घर हलवलंस.

तुझं म्हणणं खरं होतं. हे दिवे उजेडासाठी नसतातच. यंत्र चालू आहे एवढंच ते सांगतात, दुसरं काही त्यांना येत नाही. पण मावसबहिणीने बोळाचं सांगितलं तेव्हा मला वाटलं, एक तरी दिवा असा आहे की ज्याने कुणाला पाऊल टाकायला जागा दिसेल. तोच मी तुझ्याकडे पाठवला. आणि तोच फुटणारा निघावा?

भुवई बरी आहे. म्हणजे भुवईला काही झालंच नव्हतं.

दादा


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड आलं.

पोस्टमनने दिलं तेव्हा मी दारात होतो. चष्मा आत होता. चष्मा आणायला गेलो आणि कार्ड बाहेर पायरीवर ठेवून गेलो, मग वाटलं उडेल, धावत परत आलो, चष्मा आतच. शेवटी तुझ्या वहिनीने वाचून दाखवलं. मग बाईंनी वाचलं. मग मी वाचलं. आता पाठ आहे. तरी इथे उतरवून काढतो, म्हणजे मी बरोबर समजलो की नाही ते तुला कळेल.

'दादा, दिवा मिळाला. तुझ्या खणातली वस्तू मी सरळ होल्डरमध्ये घालीन असं तुला वाटलंच कसं? आधी टोपी उघडली. ठिपका होता आणि आत रिकामी होती. ठिपका म्हणजे रिकामी, हे दुकानात शेंबड्या पोरालाही माहीत होतं, तुला सोडून. रेडिओला रेझिस्टन्स कमी पडला की तू म्हणायचास, आहे त्यात भागव. मी त्यातूनच भागवत होतो. आता नवा घातलाय. दिवसा लागतो. रात्री लागत नाही. दिवा आहे की कचेरी? धाकटी अजून भिंत धरून जाते. तुझी पत्रं तिनेच उघडली. भुवई कशी आहे?'

वाचून संपलं तेव्हा तुझी वहिनी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, बघ, माझ्या नाकाखालून दिवे रिकामे करत होता आणि मी त्याला बारीक हाताचा म्हणून मिरवत होतो. ती म्हणाली, "मग हसताय कशाला?" हसत होतो ते मला माहीत नव्हतं. भुवईवरचा व्रण ओढला गेला तेव्हा कळलं.

भुवई ठीक आहे. टाके निघाले. आता लपवून काय उपयोग, वहिनीने सगळं लिहिलंय हे मला आत्ताच कळलं.

आता माझ्या शंका. नव्या रेझिस्टन्सचे पाय एकमेकांना किंवा टोपीला टेकत नाहीत ना? वर नळी चढवलीस का? आकड्याने कमी घातला नाहीस ना? थोडा जास्त असलेला चालतो, दिवा जरा मंद राहील पण जगेल. होल्डर चिनी मातीचा आहे की जुनाट लाकडी? बोळ ओला राहतो का? दिवा हाताच्या उंचीच्या वर लाव, धाकटी भिंत चाचपडते तिथे नको. तू म्हणशील, मला शिकवतोस? शिकवत नाही. मला झोप येत नाही म्हणून विचारतो.

आणि ते दिवसा लागतो, रात्री लागत नाही, हे काय? रात्री विजेचा दाब कमी होतो का तुमच्याकडे? पण मग बाकीचे दिवे मंद झाले असते, ते तू लिहिलं असतंस, तक्रार तू सोडत नाहीस. सैल जोड असता तर दिवसाही त्रास दिला असता. दिवा म्हातारा झाला म्हणावं, तर म्हातारा माणूस दिवसाही म्हातारा असतोच की.

दिवा घड्याळ बघतो का? मी बाईंना हे विचारलं. त्या नेहमी लगेच बोलतात. या वेळी म्हणाल्या, थांबा, मला आठवू द्या, कुठेतरी वाचलंय.

तू अजून काही करू नकोस. उघडझाप करून बघत बसू नकोस. मी बघतो.

दादा


५ मार्च

धाकट्या,

सापडलं. कसं सापडलं ते आधी लिहितो, नाहीतर तुझा विश्वास बसणार नाही.

डब्यातलं उरलेलं फूल, ठिपका नसलेलं, टोपी नीट बसवून फळीवर लावलं. दिवसभरात हवं तेव्हा लागलं. बटण दाबलं की हजर. मग वाटलं, तुझ्याकडे आणि माझ्याकडे फरक काय? वीज तीच, दिवा तोच, फरक तुझ्या बोळाचा. मावसबहीण म्हणाली होती, त्या बोळाला खिडकी नाही, दिवसा घरातला उजेड तेवढा येतो, रात्री हात डोळ्यासमोर धरला तरी दिसत नाही. आमच्याकडे असा अंधार कुठून आणायचा? रस्त्याचा दिवा रात्रभर खिडकीतून घरात येतो.

म्हणून कपड्यांचं मोठं कपाट रिकामं केलं. तुझ्या वहिनीच्या गरम शाली पलंगावर, माझे कोट खुर्चीवर, काही कपडे जमिनीवर. जमिनीवरचे तिने नंतर बघितले. वायर दाराच्या फटीतून आत घेतली, फळी आत उभी केली, आत कापड काही ठेवलं नाही, आणि मी एका पाटावर आत बसलो. दार ओढून घेतलं. फटीला आतून कागद लावला. या वयात कपाटात बसल्यावर गुडघे कानाला लागतात.

बटण दाबलं. काही नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही. मी वाट बघत बसलो. फ्यूज गेला असेल म्हणून बोटाने चाचपायला निघालो होतो, मग भुवई आठवली आणि हात मांडीखाली घेतला. काळंकुट्ट सगळं. दिव्याला वीज मिळतेय, त्याची टोपी शाबूत, लगाम जागेवर, आणि तो ढिम्म. मला तुझा राग समजला. मीही त्याला कचेरी म्हटलं.

तेवढ्यात तुझ्या वहिनीने दार उघडलं, चहा आत देऊ का बाहेर घेताय, विचारायला. फटीतून उजेडाची रेघ आत आली आणि फूल लागलं. तिने हात लावला नाही, मी लावला नाही. ती जरा बघत राहिली आणि म्हणाली, "मला बघून लागतो."

मी म्हटलं, दार लाव. तिने लावलं. फूल जळतच राहिलं. पूर्ण काळोखात, अगदी निवांत. मी बटण बंद केलं, थोडं थांबून परत दाबलं. नाही लागलं. म्हटलं, उघड. तिने उघडलं. लागलं. असं किती वेळा केलं विचारू नकोस. शेवटी ती म्हणाली, माझा चहा गार झाला आणि तुमचाही, आता हे दार मी ठेवते उघडं आणि तुम्ही बसा आत नांदत.

बाईंना बोलावलं. त्या कपाटात शिरल्या नाहीत, पण डोकं आत घालून बघितलं, आणि मग त्यांना आठवलं. वायूला पहिला धक्का कुणीतरी द्यावा लागतो. तो एकदा मिळाला की एकातून दुसरा असं आपोआप पसरत जातं. बाहेरचा थोडासा उजेड आतल्या पत्र्यावर पडला तरी तेवढा धक्का पुरतो. नवे दिवे सहज उठतात. जुने, पत्रा मळलेले, काच काळवंडलेले, ते मिट्ट अंधारात वाट बघत बसतात. खराब झालेले नसतात. दाबही कमी नसतो. त्यांना सुरू व्हायला दुसऱ्याचा थोडा उजेड लागतो, एवढंच. एकदा लागले की कुणाची गरज नाही.

हे मला माहीत नव्हतं, धाकट्या. त्या खणांवर मी आयुष्य घालवलं आणि हे माहीत नव्हतं. कारण मी त्यांना नेहमी माझ्या टेबलाच्या दिव्याखाली लावलं. पुन्हा फळीसारखंच झालं बघ. मला वाटायचं ते आपले आपण लागतात.

आता तुझ्या बोळाचं. तू काय करतोस ते मी इथे बसून सांगतो. झोपायच्या वेळी तू आधी बोळातला मोठा दिवा घालवतोस, आणि मग हे फूल लावतोस. बरोबर? दोन दिवे एकदम जळताना तुला बघवत नाही. दुकानातही एक बटण बंद केल्याशिवाय तू दुसरं चालू करत नव्हतास, गिऱ्हाईक मधल्या अंधारात स्टुलाला अडखळायचं. कार्ड वाचताना हे डोक्यात यायला हवं होतं. उलट कर. मोठा दिवा चालू असताना फूल लाव. लागलेलं डोळ्याने बघ. मग मोठा घालव. फूल राहील. सकाळपर्यंत राहील. मधे मात्र कुणी बंद करू नका.

धाकटीलाही हे दाखव. ती रात्री उठली आणि चुकून तिचा हात बटणाला लागला, तर आधी मोठा दिवा, मग फूल, मग मोठा बंद. बटणावर तिला ओळखायला काहीतरी चिकटव. हिरवं नेलपॉलिश मिळत असेल तर बघ.

मला अजून नळीची काळजी आहे. आणि होल्डरची. त्याचं उत्तर तू दिलेलं नाहीस. पण ते मागाहून लिही, निवांत लिही, किंवा येऊन सांग. कपाट अजून रिकामंच आहे, आणि तुझी वहिनी म्हणते की आता त्यात मावेल एवढा बारीक माणूस घरात यायला हवा, मी बाहेर निघताना दोघींना ओढावं लागलं. तू मावशील का माहीत नाही. मावसबहीण म्हणाली, पोट सुटलंय.

पण त्याआधी एक कर. हे पत्र मिळेल त्या रात्री दिवा सांगितला तसा लाव. धाकटीला त्या बोळातून एकदा जाऊ दे, आणि तू मागे उभा राहून बघ की तिचा हात भिंतीला लागतो का. मग दुसऱ्याच दिवशी कार्ड टाक. माझ्या शंकांची उत्तरं नसली तरी चालतील. मीही तुला एकच शब्द लिहिला होता, तूही एकच लिही. लागला, एवढं लिही. मी रोज पोस्टमनच्या वेळेला पायरीवर असतो, चष्मा लावून. उशीर नको करूस रे.

दादा